फुकटचे बिऱ्हाड

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने ‘मी नायगारा पाहिला नाही’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव उमटतो. काशीला जाऊन गंगा न पाहता परतलेल्या माणसाकडे आपले आजोबा ज्या नजरेने पाहत, तीच ही नजर. मी नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही पाहिला नाही. गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी कॅलिफोर्नियात ताईकडे पाच आठवडे राहिलो आणि तेवढ्या मुक्कामात मुद्दाम म्हणून एकच स्थळ पाहिले. सॅनफ्रान्सिस्को शहरातल्या फनस्टन अव्हेन्यूवरची एका जुन्या चर्चची इमारत! तीही भक्तिभावाने नव्हे. माझे हरवलेले सामान तिथे सापडते का, एवढेच मला पाहायचे होते.

या सामानाची हकीकत आधी सांगायला हवी.

सन २००३ मध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठीचा अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. एम.ए.ची शाई अंगावर ओली होती आणि भाषेसाठी काहीतरी करून दाखवायचे, असा ताप डोक्यात होता. दिवाळीच्या सुट्टीत मी विद्यार्थ्यांना काम दिले : घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुन्या वस्तूंची आणि त्यांच्या भागांची नावे उतरवून आणा. मुलांनी वह्याच्या वह्या भरून आणल्या. एका मुलाच्या आजोबांकडे तर मी स्वतः गेलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या विहिरीवर इंजिन येऊन कित्येक वर्षे झाली होती. पण मोटेचे चाक गोठ्याच्या आढ्याला अजून टांगलेले होते. म्हातारबुवांनी ते खाली उतरवून घेतले, धूळ पुसली आणि मांडीवर घेऊन एकेक नाव सांगू लागले. हा कणा. यावरून जातो तो जाड नाडा, खालून येतो तो बारीक सोंदूर. ही मोटेची सोंड. बैल उतरतात ती धाव, पाणी पडते ते थारोळे. सांगता सांगता त्यांचा हात नकळत दोर ओढल्यासारखा हलत होता.

हे शब्द मी इंटरनेटवर ठेवले. एका परदेशी कंपनीने अशा हौशी माणसांसाठी जागा फुकट देऊ केली होती. भाडे नाही, पागडी नाही, जामीन नाही! मुंबई-पुण्यात बिऱ्हाड शोधलेल्या माणसाला हे रामराज्यच वाटावे. अकरा पाने मी एका बोटाने टंकून तयार केली : मोट, बैलगाडी, नांगर आणि कुळव, पावसाची नावे, स्वयंपाकघर आणि जाते, असे करत करत. पत्त्याच्या मधोमध एक नागमोडी रेघ होती. ती टंकावी कशी हे मी स्टाफरूममधल्या प्रत्येकाला शिकवले.

मालकाच्या अटी हळूहळू कळत गेल्या. पानाच्या माथ्यावर त्याच्या जाहिरातीची पट्टी असे. मोटेच्या वर्णनावर वजन कमी करण्याच्या गोळ्या आणि बैलगाडीच्या डोक्यावर कर्जाचे आमंत्रण! मधूनच एखादी खिडकी उघडून ‘आपण बक्षीस जिंकले आहे’ असे सांगे. एकदा प्राचार्यांसमोर वर्गातल्या चाळीस मुलांना मी एकदम पान उघडायला लावले. दहा-बारा मुलांना ते दिसले, बाकीच्यांना ‘या पानाचा आजचा वापर संपला, उद्या यावे’ अशी पाटी दिसली. प्राचार्य म्हणाले, “रेशनच्या दुकानावर असतो तसाच कारभार दिसतोय.”

पुढे मी पुण्याच्या कॉलेजात आलो. सामान हलवताना मुलांच्या वह्यांचे दोन गठ्ठे निघाले. मी ते रद्दीवाल्याला दिले. वाचकहो, हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो. पण तेव्हा मी मोठ्या रुबाबात बायकोला म्हणालो होतो, “असू दे. सगळं आता संगणकावर आहे.”

सन २००९ मध्ये एका सहकाऱ्याला शब्दसंग्रह दाखवायला म्हणून पत्ता टंकला, तर जाहिरातींखेरीज काहीच नाही. मालकाने नोटीस पाठवली होती. पण ती माझ्या जुन्या, न उघडलेल्या टपालपेटीत पडली होती. फ्लॉपीवर एक प्रत होती. तिला पावसाळ्याने बुरशी आणली होती. ज्यांना पुन्हा विचारावे ते आजोबाही तोपर्यंत गेले होते. दोष कोणाला द्यायचा? फुकटच्या बिऱ्हाडकरूला घरमालकाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही.

ताईचे घर सनीव्हेलला आहे. हे गाव सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यावर. इथे माणसाचे कूळ, गोत्र, प्रांत कोणी विचारत नाही. संगणकात कोणती यंत्रणा चालवता, एवढेच विचारतात आणि त्यावरून सोयरीक ठरवतात. यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, संगणकाचा घरकारभार पाहणारा मुख्य कारभारी. ताईच्या घरात या बाबतीत शैव आणि वैष्णव दोन्ही नांदतात. भावोजी कचेरीत आणि घरी विंडोज वापरतात. शेजारचे तेलुगू गृहस्थ मॅकिंटॉशचे भक्त. १९८४ च्या जानेवारीत तो संगणक बाजारात आला, ती तारीख ते जयंतीसारखी सांगतात. आणि माझा भाचा लिनक्सवाला. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर, दप्तरावर आणि न्हाणीघराच्या दारावर त्या पंथाचे दैवत, एक गुबगुबीत पेंग्विन, चिकटवलेले आहे.

पहिल्याच रात्री जेवणानंतर भाच्याने माझा संगणक उघडला.

“मामा, यात विंडोज १० आहे!” मला क्षय झाल्याचे निदान करावे, अशा आवाजात तो म्हणाला.

“असेल. चाललंय ना पण?”

“त्याचा आधार २०२५ च्या ऑक्टोबरात संपला. आणि पुढची आवृत्ती या जुन्या यंत्राला घेतच नाहीत. तू झोप. सकाळी नवा संगणक हातात देतो.”

सकाळी संगणक तोच होता, आतला कारभारी मात्र बदलला होता. पडद्यावर पेंग्विन. यंत्र चपळ झाले होते, हे नाकारत नाही. पण माझ्या जुन्या लेखांच्या फाइली उघडल्या, तर आत अक्षरांचा नुसता चिवडा : इंग्रजी वर्ण, डॉलरची चिन्हे, तुटके अवतरण. त्या लेखांचा जुना फॉन्ट कारभाऱ्याबरोबरच गेला होता. शिवाय भावोजींचा प्रिंटर माझ्या संगणकाला ओळखच देईना. भाचा म्हणाला, “त्याचं एक औषध आहे, फक्त सात-आठ आज्ञा टंकाव्या लागतील.” भावोजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, “म्हणून मी विंडोज वापरतो.” शेजारचे गृहस्थ चहाला आले होते, ते नुसतेच हसले. मॅकवाले वाद घालत नाहीत, नुसते हसतात, आणि ते जास्त लागते.

मी चांगलाच चिडलो. आयुष्यभर मी साहित्यिकांचे वाद पाहिले आहेत, पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या कपाटातली पुस्तके बदलण्याइतका उत्साह नवकवींनाही नव्हता!

माझा राग उतरवायला भाच्याने संध्याकाळी मला बागेत फिरायला नेले आणि आपल्या पंथाची पोथी सांगितली. ती मात्र मी कान देऊन ऐकली, कारण तिचे मूळ एका शब्दात होते.

रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली जाहीर केले, की मी एक संपूर्ण यंत्रणा लिहीन आणि ती ‘फ्री’ असेल. फ्री म्हणजे कोणीही आतले लिखाण वाचावे, बदलावे, इतरांना द्यावे. पण इंग्रजीत फुकटालाही फ्रीच म्हणतात. त्यामुळे मला फुकटबाजी अभिप्रेत नाही, मोकळीक अभिप्रेत आहे, हे त्या बिचाऱ्याला पुढे जन्मभर समजावत बसावे लागले.

“अरे, मग त्यानं मराठीत बोलायचं होतं,” मी म्हणालो. “आपल्याकडे दोन शब्द आहेत. फुकट आणि मुक्त.”

भाचा थांबला. “म्हणजे, मामा, तुझी ती जागा फुकट होती. मुक्त नव्हती.”

आपल्याच शस्त्राने घायाळ होणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

पण पोथीचा पुढचा अध्याय माझ्या बाजूचा निघाला. स्टॉलमनच्या यंत्रणेचा गाभा तयार व्हायचा होता, तोवर १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून तसा गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याने त्याचे नाव योजले होते ‘फ्रीक्स’. लिखाण लोकांना मिळावे म्हणून ते कुठेतरी ठेवायला हवे होते. फिनलंडच्या विद्यापीठांच्या जाळ्यातला एक संगणक आरी लेम्के नावाचे गृहस्थ सांभाळत. त्यांनी जागा दिली. पण ते नाव त्यांना रुचले नाही. म्हणून त्यांनी कप्प्याला परस्पर नाव दिले ‘लिनक्स’. तेच टिकले.

“म्हणजे तुमच्या देवाचं पहिलं बिऱ्हाडही फुकटातलंच की,” मी म्हणालो. “आणि बारसंही घरमालकानंच केलं, आत्या होऊन!”

“हो, पण लिखाण ज्याला हवं त्याला उतरवून नेता येत होतं. ती जागा उद्या बंद पडली असती, तरी लिनक्स बुडाला नसता.”

मी गप्प बसलो. माझ्या अकरा पानांची प्रत कोणीही नेली नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने मला जिओसिटीज नावाच्या शहराची गोष्ट सांगितली. हे शहर नकाशात नव्हते, तारांवर वसलेले होते. १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात दोघांनी ते वसवले आणि हौशी लोकांना पान मांडायला जागा फुकट दिली. गंमत म्हणजे त्यात पेठा होत्या. सिनेमावेड्यांनी हॉलीवूडमध्ये राहावे, संगणकवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत, तत्त्वज्ञान-शिक्षणवाल्यांनी अथेन्समध्ये, पोराबाळांच्या संसारी लोकांनी हार्टलँडमध्ये. प्रत्येकाला घरक्रमांक असे. कोणी मेलेल्या मांजराचे स्मारक बांधले, तर कोणी आजीच्या पाककृती मांडल्या. १९९९ मध्ये याहू कंपनीने हे शहर साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे शेअर देऊन विकत घेतले. रहिवाशांना त्यातला छदामही मिळाला नाही, आणि मिळण्याचे कारणही नव्हते. ते फुकट राहत होते. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, अमेरिकेतले ते सारे शहर एका दिवसात बंद केले. त्या वर्षीची भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. शेवटच्या महिन्यांत काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून जमतील तेवढ्या घरांच्या नकला उतरवून घेतल्या, आणि फनस्टन अव्हेन्यूवरच्या संस्थेनेही त्या कामात हात घातला.

“माझं बिऱ्हाड त्या शहरात नव्हतं,” मी म्हणालो.

“ती संस्था सगळ्याच गावांतून फिरते, मामा. पण त्यासाठी तिथं जायला नको. घरी बसून पाहता येतं.”

“देव घरातही असतो. म्हणून लोक पंढरीला जायचे थांबलेत का?”

एका शुक्रवारी आम्ही निघालो. सनीव्हेलहून सॅनफ्रान्सिस्कोला जाणारी आगगाडी दुमजली आहे आणि २०२४ पासून विजेवर धावते. वरच्या मजल्यावर खिडकीशी बसलो. पालो अल्टोपर्यंत लख्ख ऊन. सॅन माटेओ मागे पडले आणि डोंगरावरून धुके उतरताना दिसू लागले. शहरात उतरलो तेव्हा भर मे महिन्यात मी मफलर गुंडाळला होता. तिथून बस बदलत रिचमंड भागात आलो. इथल्या उभ्या रस्त्यांना क्रमांक आहेत. बारावा गेला आणि तेराव्याची वाट पाहतो, तो एकदम चौदावा! मधल्या तेराव्याचे नाव तेवढे फनस्टन. सारे शास्त्र शिकलेल्या या देशालाही तेराचा आकडा सोसत नाही की काय, असे मनात आले आणि जरा बरे वाटले. जवळच्या क्लेमेंट स्ट्रीटवर चिनी वाण्यांची दुकाने, फुटपाथवर मांडलेल्या कोबीच्या राशी आणि वाफाळलेल्या मोदकांसारखे काहीतरी विकणारी बाई. मंडईत आल्यासारखे वाटले.

इमारत पांढरीशुभ्र, दर्शनी बाजूला ग्रीक देवळासारखे खांब. १९२३ सालचे हे चर्च २००९ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने घेतले. ब्रूस्टर केल या गृहस्थांनी १९९६ साली संस्था काढली, ती जगातली वेबपाने आपण होऊन उतरवून ठेवण्यासाठी. २०२५ च्या ऑक्टोबरात जतन केलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. वरच्या मजल्यावर प्रार्थनेचे मोठे दालन आहे. बाके होती तशीच. भिंतीतल्या कोनाड्यांत संगणकांची उंच कपाटे. त्यांवर निळे दिवे लुकलुकत होते. दिवा लुकलुकला की जगात कोणीतरी एखादे पान मागत आहे किंवा ठेवत आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. आणि बाकांच्या कडेने शेदीडशे मातीच्या बाहुल्या उभ्या, लहान मुलाएवढ्या उंचीच्या. ज्यांनी इथे तीन वर्षे काम केले, त्यांच्या या मूर्ती. कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या हातात यंत्र. आमच्या गौरी-गणपतीच्या आराशीची आठवण झाली.

या कोनाड्यांनाही धोका नाही असे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात संगणकचोरांनी संस्थेवर हल्ला केला आणि काही दिवस तिचे दार बंद होते. म्हणूनच आपल्या संग्रहाची एक प्रत संस्थेने २००२ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयाला दिली होती. जळालेल्या ग्रंथालयाच्या गावी प्रत ठेवायची, या कल्पनेत मला फार मोठा शहाणपणा दिसला.

मी शेवटच्या बाकावर बसलो. भाच्याने मांडीवर संगणक उघडला. माझ्या डायरीतून मी तो जुना पत्ता वाचून दाखवला, नागमोडी रेघेसकट. क्षणभर काहीच झाले नाही. मग एक दिनदर्शिका उमटली आणि तिच्यात २००५ च्या एका तारखेवर एक निळा ठिपका.

पान उघडले. माथ्यावर जाहिरातीच्या जागी रिकामी चौकट होती. खाली अक्षरांचा चिवडा : डॉलर, स्वल्पविराम, इंग्रजी वर्ण. पण त्या चिवड्याची रचना मी ओळखली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. माझेच ते पान! अकरांपैकी चार पाने होती. बाकीच्या सातांच्या नावांवर टिचकी मारली, की ‘हे पान जतन केलेले नाही’ एवढेच उत्तर येई. मी पुन्हा पुन्हा टिचक्या मारत राहिलो. शेवटी भाच्याने माझ्या हातावर हात ठेवला.

त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघे बसलो. जुना फॉन्ट म्हणजे इंग्रजी वर्णांच्या खुर्च्यांवर बसवलेली मराठी अक्षरे. कोणत्या खुर्चीवर कोण बसले होते, हे एकदा कळले, की सर्वांना आजच्या प्रमाण संकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, आपापल्या घरी पाठवता येते. यादी मी सांगत होतो, भाचा आज्ञा लिहीत होता. अडचणी माझ्या विषयातल्या होत्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा र निराळाच. त्याला रफार समजले, तर ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. भाच्याने हा फरक तीनदा समजावून घेतला. मराठी नीट वाचता न येणारा तो मुलगा त्या एका अर्ध्या अक्षरासाठी रात्री दीड वाजेपर्यंत भांडत होता. सकाळी ज्या उत्साहाचा मला संताप आला होता, तोच हा उत्साह. मी उठून त्याच्यासाठी कॉफी केली.

दोन वाजता पडद्यावर पहिली ओळ स्वच्छ उमटली. नाडा. मग सोंदूर. मग सोंड, धाव.

“मामा, थारोळं म्हणजे काय?”

मी सांगितले. सांगताना माझा हात दोर ओढल्यासारखा हलला, असे तो नंतर म्हणाला.

‘स्वयंपाकघर आणि जाते’ या पानाचे नुसते नाव उरले होते. आवाजाने ताई उठून आली. नाव वाचून ती म्हणाली, “जात्यात धान्याची मूठ घालतात, तिला आई वैरण म्हणायची. आहे का तुझ्या पानात?”

होता की नव्हता, मला आठवेना. मी तो कागदावर लिहून घेतला. मग तिला आणखी चार शब्द आठवले, ते लिहिले. सकाळ झाली तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.

आता त्या चार पानांच्या प्रती पाच ठिकाणी आहेत : कॉलेजच्या ग्रंथालयात छापील, भाच्याकडे, ताईकडे, भाड्याने घेतलेल्या एका जागेवर, आणि एक प्रत त्या आजोबांच्या नातवाकडे, तो आता स्वतः शिक्षक आहे. त्याला पत्र पाठवून विचारले आहे, मोटेचे ते चाक अजून आढ्याला आहे का. उत्तर यायचे आहे. माझ्या संगणकात पेंग्विनच आहे. मी त्याला काढलेले नाही. हा लेखही त्याच्यावरच लिहिला. संपादकांकडे तो हस्तलिखित पाठवावा लागला, त्याचे कारण एवढेच, की प्रिंटर अजून ओळख देत नाही.